सांबारवडीतलं शेवाळ

इंदूबाईंनी एक घास खाल्ला असता, तर भावनाला अख्खी गल्ली मिळणार होती. सौदा स्वस्त होता. लग्न होऊन आल्यापासून नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीत ती फक्त ‘इंदूबाईची सून’ होती. आता तिला गच्चीवरच्या टाकीमुळे ओळख हवी होती.

टाकीत होती स्पायरुलिना, म्हणजे खाण्याचं निळं-हिरवं शेवाळ. पाहणाऱ्याला नुसतं हिरवं पाणी दिसे. भावना त्याचं प्रशिक्षण घेऊन आली होती. सकाळी ते पाणी ढवळायचं, कापडातून गाळायचं, वर राहिलेला लगदा सोऱ्यातून शेवेसारखा पाडून उन्हात वाळवायचा, मग दळून पूड. प्रथिनं किती, लोह किती, सगळं तिला पाठ. बायका ऐकून घेत, मान डोलवत आणि शेवटी एकच विचारत: सासूबाई खातात का?

यात खोच होती, पण नुसती खोच नव्हती. नवीन डॉक्टर असो की नवीन गिरणी, दुसऱ्याच्या घरातल्या म्हातारीला काय मानवलं ते पाहून मगच गल्ली हलायची.

आणि म्हातारी हलत नव्हती. इंदूबाईंचं माहेर कन्हानचं. तरुणपणी नदीच्या घाटावर धुणं धुताना शेवाळावरून पाय घसरला आणि कंबर गेली ती कायमची. भावनाने पहिल्यांदा चमचा पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, “ज्यानं मले पाडलं, तेच मले चारून राहिली काय वं?”

यावर प्रशिक्षणात काही शिकवलं नव्हतं.

थंडी पडली, बाजारात सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, ढीग लागले. घराघरांत सांबारवड्या सुरू झाल्या. बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं भरून तळायचं. आतलं सगळं हिरवंच. त्या हिरव्यात आणखी दोन चमचे हिरवं कोणाला दिसणार? वास येतो थोडा, पण मसाल्यापुढे त्याचं काय चालतं.

इंदूबाईंनी दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. दिवाळीतल्या तापापासून त्यांनी कशालाच ‘अजून दे’ म्हटलं नव्हतं. इथे भावनाचा हिशेब जरा बिघडला, कारण तिला खरोखरच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वड्या केल्या. मग आठवडाभर काही ना काही हिरवं ताटात येत राहिलं आणि म्हातारी जेवत राहिली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भावनाने वाण म्हणून पुडीची पाकिटं दिली. समोरच्या घरातल्या प्रेमिलाने पाकीट उलटसुलट करून विचारलं, मेहंदी आहे का. बायका हसल्या. ते शेवाळ आहे कळल्यावर प्रेमिलाने नेहमीचा प्रश्न टाकला.

भावनाला राहवलं नाही. “खातात ना,” ती म्हणाली. “आठवडा झाला. सांबारवडीतून. विचारा त्यांनाच.”

सगळ्या माना इंदूबाईंच्या खुर्चीकडे वळल्या. इंदूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि भावनाला तेव्हा कळलं, आपण काय बोलून बसलो. आता म्हातारीने नुसतं ‘काय?’ म्हटलं असतं तरी टाकी गेली असती. वर सासूला चोरून खाऊ घालणारी सून म्हणून गल्लीने तिला जन्मभर ओळखलं असतं.

“मले माहीत होतं,” इंदूबाई म्हणाल्या. “मीच म्हटलं तिले, वडीत टाक. नुसतं नाही जात.” मग प्रेमिलाला म्हणाल्या, “तू बी खाऊन पाह्य वं. काही नाही होत.”

बायका गेल्यावर भावना जवळ जाऊन उभी राहिली. इंदूबाईच बोलल्या. “चार बायांत तुले खोटी पाडली असती, तरी उद्या याच घरात राहाचं होतं आपल्याले. पण आता माह्या ताटात काय आहे, ते मले सांगत जाय.”

तेव्हापासून रोज दोन्ही वेळा भावना सांगते: तुरीची डाळ, लसूण, हळद, मीठ. इंदूबाई रागावलेल्या नाहीत. ऐकतात, मान हलवतात, आणि तरी पहिला घास मोडून उजेडाकडे धरून पाहतात. तिसरी वडी त्यांनी पुन्हा मागितली नाही.

टाक्या आता दोन आहेत. पाकिटं गल्लीबाहेर, पार कामठीपर्यंत जातात. सुशील, म्हणजे भावनाचा नवरा, ज्याने एकदाही पाणी ढवळलं नाही, ऑफिसात ‘आमचं युनिट’ म्हणतो. प्रेमिला महिन्याला पाकीट न्यायला येते आणि बसते. ती बसली की इंदूबाई भावनाला हाक मारतात, ताकात चमचाभर पूड घालून मागतात आणि प्रेमिलासमोर घोटघोट पितात. बोललेलं निभवावं लागतं.

प्रेमिला पाकिटाचे पैसे देऊन जाते. बाकीची किंमत इंदूबाई भरतात, तोंड वाकडं न करता.