पाहुण्यांचा धागा

परदेशातली पोरं ‘संस्कृती अनुभवायला’ येणार म्हटलं की मावशीच्या कपाळाची शीर उठायची. अनुभव म्हणजे काय, तर सकाळी दहा ते दुपारी एक, मध्ये चहा. एक वाजल्यानंतर त्यांना दुसरीकडे कुठेतरी मडकी अनुभवायची असत.

सगळं बंदर तिला मावशीच म्हणायचं. मासेमारीची जाळी दुरुस्त करण्यात तिची तीस वर्षं गेली होती. तिने शेडच्या उंबऱ्यावर उभं राहून “जाळं धड आहे” म्हटल्याशिवाय एकही होडी जाळं चढवत नसे, आणि तिचा शब्द आजवर खोटा पडला नव्हता. आज संध्याकाळच्या भरतीला तिचा स्वतःचा मुलगा पहिल्यांदाच होडीचा मुख्य होऊन निघणार होता. दहा वर्षं दुसऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यावर मिळालेली होडी. जाळं भर समुद्रात उसवलं, तर पुन्हा त्याच्या हाती होडी द्यायला कोणी तयार होणार नव्हतं.

आणि नेमकं तेच जाळं तिच्या धाकट्या भावाने पोरांपुढे घालायचं कबूल केलं होतं. भाऊ मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. परदेशी माणूस नुसता हसला तरी हा हो म्हणून मोकळा.

“ताई, गेल्या वर्षी जुनं जाळं दिलं तर त्यांनी तक्रार केली. खोटं वाटलं म्हणे.”

“खोटंच होतं. आणि ती काय खरी कामाला आली होती?”

“एकेकच गाठ बांधतील गं. चौदा जण आहेत. चौदा गाठींनी काय होतंय?”

“एका गाठीनं होतं. एक सरकली की जाळ्याची शेजारची दहा घरं उसवून घेऊन जाते.”

पण चेअरमनचा शब्द गेलेला. मग मावशीने आपल्या परीने बंदोबस्त केला. आठ दिवस खपून तिने सगळं जाळं दुरुस्त केलं आणि चौदा ठिकाणी शेवटची एक गाठ मुद्दाम सोडली. त्या प्रत्येक जागेशी एक पांढरा धागा अडकवला. पोरं गेली की धागा बघायचा, खालची गाठ कापायची, आपली बांधायची. अर्ध्या तासाचं काम.

पोरं आली. सगळ्यांच्या पायांत बंदरावर जायचं म्हणून घेतलेले नवेकोरे गमबूट. एकाने शेडमधला वास डोळे मिटून छातीत भरून घेतला, मग त्याला खोकल्याची उबळ आली. दुसरीने मावशीच्या हाताचे, फक्त हाताचे, फोटो काढले. हातांना जोडून वर एक बाई आहे हे तिच्या गावीही नव्हतं. गाइडबाई इथलीच, पण त्यांच्यापेक्षा जास्त हरखलेली. मावशी म्हणाली, “ओढा.” गाइडबाई त्यावर पाच मिनिटं बोलली आणि पोरांचे डोळे पाणावले. ओढा या शब्दात एवढं काय होतं, ते मावशीला कळलं नाही.

“मावशी, हे पांढरे धागे कशाचे हो?” गाइडबाईने विचारलं.

तुमची घाण नंतर साफ करायला, असं अगदी ओठांवर आलं होतं. शेजारी उभ्या चेअरमनने डोळे वटारले.

“पाहुण्यांचा मान असतो तो,” मावशी म्हणाली. “प्रत्येक पाहुण्याचा एक धागा.” थाप मारून तिला मनातून गुदगुल्या झाल्या.

गाठी सुरू झाल्या. त्या कसल्या गाठी! वरून बघायला ठीक, बोटाने दाबलं की सरकणाऱ्या. प्रत्येकजण आपली गाठ दाखवायला यायचा आणि मावशी मान न वळवता म्हणायची, “छान, छान.” एक पोरगी तोंडातून शब्द काढत नव्हती. मावशीने मनातल्या मनात तिचं नाव घुमी ठेवलं. घुमीने गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. सगळे उठले तरी ही तिथेच. शेवटी तिने मावशीच्या बाहीला हात लावून गाठ दाखवली. “छान, छान,” म्हणत मावशीने तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि चहाचं बघायला मागे गेली.

बस निघाली तेव्हा मावशी दारात उभी होती. खिडक्यांतून हात बाहेर आले, हलायला लागले. प्रत्येक मनगटावर पांढरा धागा होता.

मावशी जागच्या जागी थिजली. मग धावत आत गेली. जाळ्यावर औषधालासुद्धा धागा उरला नव्हता. मान म्हटल्यावर पाहुणे तो घेऊन जाणारच.

आता शेडभर पसरलेल्या जाळ्यात आठ दिवसांच्या तिच्या शेकडो ताज्या गाठी, आणि त्यांत चौदा परक्या. दोरा तोच, रंग तोच. मावशी गुडघ्यांवर बसली आणि एकेक गाठ अंगठ्याने दाबत सरकू लागली. तिने पोरांना शिव्या घातल्या, गाइडबाईला घातल्या, चेअरमनच्या तर तोंडावर घातल्या. चार वाजेपर्यंत आठ सापडल्या, पाचपर्यंत तेरा. तेराही नुसत्या हात लावताच सरकत होत्या. कापल्या, नव्याने बांधल्या.

चौदावी सापडेना.

ती पहिल्या टोकापासून पुन्हा निघाली. सगळ्या गाठी घट्ट. तिसऱ्यांदा निघाली. अंगठ्याची कातडी सोलून निघाली, तरी सगळ्या घट्टच.

“आई, पाणी चढलंय,” मुलगा दारातून म्हणाला. “माणसं खोळंबलीत.”

“एक सापडत नाही रे.”

“म्हणजे सुटायची?”

“नाहीतर…” मावशी अडली. पुढचं वाक्य बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. “नाहीतर माझ्यासारखी बांधलीय कुणीतरी.”

“त्यांच्यातल्या कुणी?” चेअरमन हसला. “तूच तर म्हणालीस, सगळी बिनकामाची!”

कोणी ते तिला ठाऊक होतं. घुमीने बाहीला धरून दाखवलं होतं. तेव्हा नुसती मान वळवली असती तरी आता कळलं असतं. ती गाठ कशी होती हे बघितलंच नव्हतं, आणि आता पोराची होडी त्या न बघितलेल्या गाठीवर सोडायची होती.

मावशी उठून उंबऱ्यावर आली. मुलगा तिच्या तोंडाकडे बघत होता.

“जाळं धड आहे,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला नाही, पण शब्द मागे घेतला नाही. माणसांनी जाळं खांद्यावर घेतलं आणि धक्क्याकडे नेलं.

रिकाम्या शेडमध्ये मावशी अंगठा चोखत बसून राहिली. तेरा खोट्या गाठींना दिलं तेच ‘छान, छान’ तिने त्या एका खऱ्या गाठीलाही दिलं होतं. आणि कापायच्या गाठीची खूण मनगटावर मानाने बांधून ती पोरगी आपल्या देशाला निघाली होती.