काचेखालची अभ्यासिका

मित्रांनो, मी एक जुना देखावा आहे. गणपतीपुढचा नव्हे. मानपाड्याच्या पुढे, डोंबिवलीच्या कडेला आमच्या भागातल्या जमिनींचे नियोजन करणारे एक छोटे मंडळ आहे. त्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यात, काचेच्या पेटीत मी राहतो. साहेब लोक मला मॉडेल म्हणतात. विकास झाल्यावर आपला भाग कसा दिसेल, हे लोकांना दाखवणे हे माझे काम. माझी गोष्ट सांगायला मला लाज वाटते. तरी सांगतो, कारण गप्प बसलो तर जास्त वाटेल.

माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या माळ्यावर झाला. कृतिका नावाच्या मुलीने मला घडवले. पांढऱ्या फोमच्या इमारती तिने कटरने कापल्या, पॉलिशपेपरचे रस्ते चिकटवले आणि स्पंज हिरव्या रंगात बुडवून झाडे केली. एकदा नकाशावर बोट ठेवून तिने मंडळाच्या माणसाला विचारले, "सर, इथे चाळीसमोर एक छोटी खोली दिसतेय. ती करायची ना?"

"नको. जुनं दाखवायचं नसतं," तो म्हणाला. "तिथे गार्डन येणार आहे. झाडं लाव."

तिने झाडे लावली. मला तेव्हा काहीच वाटले नाही. उलट हिरवा रंग आपल्याला किती खुलून दिसतो, या विचाराने मी फुगलो होतो.

ऑफिसात आल्यावर तर माझे डोके पारच फिरले. उद्घाटनाला मला झेंडूची माळ घातली. आलेगेले पाहुणे काचेला नाक लावून "वा, काय फिनिशिंग आहे!" म्हणायचे. शाळेच्या सहली यायच्या. मुले आपापले घर शोधायची आणि सापडले की मैत्रिणीला कोपराने ढोसायची. ज्यांचे सापडत नसे ती थोडा वेळ शोधून पाणी प्यायला जायची. त्यांच्याकडे मी लक्षच देत नसे.

मग एका सकाळी चाळीतले बाबुराव आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. सोबत त्यांची नात दर्शना, दहावीतली, आणि चाळीतली आणखी मुले. कृतिकाने जी खोली वगळली, ती या लोकांची अभ्यासिका होती. घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून चाळीने श्रमदानाने बांधलेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली सतरंजी आणि रात्री उशिरापर्यंत चालणारा दिवा. तिथे गार्डन येणार, हे मुलांनी शाळेच्या सहलीत माझ्याकडे पाहूनच ओळखले होते.

भांडायला आले असतील असे मला वाटले. पण दर्शनाने पिशवीतून एक इवलीशी खोली काढली. काडेपेटीची, निळी रंगवलेली, खिडकीसकट. मुलांनी ती घरी बनवली होती.

"सर, ही इथे ठेवाल का?" तिने मंडळाच्या अध्यक्षांना विचारले. "तुमच्याकडून राहिलीय."

अध्यक्ष हसले. त्यांना ते फारच आवडले. शिपाई नयनने काच उघडली, चार झाडे उपटली आणि अभ्यासिका चिकटवली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला.

"साहेब, आता आम्ही अजून काय करायचं?" बाबुरावांनी विचारले.

"काही नाही हो. चहा घ्या."

मंडळी समाधानाने घरी गेली. देखाव्यावर आली म्हणजे ठरले, असे त्यांनी धरले. अध्यक्षांनी मुद्दाम फसवले असे मला म्हणवत नाही. ते संध्याकाळपर्यंत सगळे विसरले, इतकेच. लेखी हरकत द्यायची मुदत मात्र चालू होती. ती संपली. चाळीतून एकही कागद आला नाही, कारण तिथे सगळे निर्धास्त होते. आणि ते निर्धास्त होते ते माझ्यामुळे.

पावसाळा संपल्यावर अभ्यासिका पाडली.

दुसऱ्या दिवशी बाबुराव ऑफिसच्या अर्जांच्या खिडकीवर आले. त्यांच्या शर्टावर धूळ होती. आतला कारकून पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, "लेखी हरकत दिलेली का? पोच दाखवा ना काका."

"पोच कशाला? आपण बसवलेली ना इथे," बाबुराव म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पण वाजवलेल्या." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, त्या बोटासमोर मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे बोटे दाखवली होती, कौतुकाने. हा माणूस मला साक्षीला बोलावत होता. आणि माझ्या अंगावर ती निळी खोली खिडकीसकट शाबूत होती.

कारकुनाने मान हलवली. "काका, ते मॉडेल आहे."

आता तिथे पत्रे ठोकले आहेत. गार्डनचा पत्ता नाही. मुले संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात, ट्यूबलाइटखाली, माझ्याच टेबलाला टेकून अभ्यास करतात. नयन त्यांना उठवत नाही. पाहुणे आले की अध्यक्ष मात्र निळ्या खोलीकडे हात करून सांगतात, "नागरिकांची सूचना आम्ही ताबडतोब मान्य केली." मुले खाली मान घालून गणिते सोडवत राहतात. त्या वेळी काचेवर धूळ बसावी, मी कुणाला दिसू नये, असे वाटते. पण नयन रोज पुसतो.

परवा संध्याकाळी, ऑफिसची खिडकी बंद व्हायच्या आत, पलीकडच्या गावातल्या रंगूबाई आल्या. त्यांच्या गावच्या विहिरीवरून रस्ता जाणार आहे. पदराखालून त्यांनी मातीची छोटी विहीर काढली, छान रहाट लावलेली.

"ही बसवायची हाय," त्या नयनला म्हणाल्या. "साहेब बसवतात म्हणं."

मला ओरडावेसे वाटले. पण माझ्यासारख्याला कुठला आवाज? नयन काचेची किल्ली शोधू लागला. तेवढ्यात टेबलाला टेकून बसलेली दर्शना उठली.

"काकू, ही नका देऊ," ती म्हणाली. "आधी लेखी हरकत द्या. पोच घ्या, शिक्का बघून घ्या. मी लिहून देते."

"अगं, पण ती निळी खोली त्यांनी बसवलीय की."

"ती आमची," दर्शना म्हणाली.

रंगूबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग भिंतीला टेकून बसलेल्या मुलांकडे. त्यांना आणखी काही विचारावे लागले नाही. त्यांनी विहीर पुन्हा पदराखाली घेतली.

तर मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या गावात काचेखाली नटून बसला असेल, तर त्याला जरूर बघा, पण त्याच्यावर विसंबून घरी जाऊ नका. आपली जागा जपायची असेल तर कागद करा आणि तो हातात घेऊनच परत या.

दर्शनाने वहीचे मधले पान फाडले आणि त्या दोघी लिहायला बसल्या. लिहून झाल्यावर रंगूबाई माझ्याकडे न बघता, समोरून सरळ खिडकीकडे गेल्या. माझ्याकडे पाठ फिरवून गेलेले माणूस पाहून मला बरे वाटले, असे पहिल्यांदाच झाले.