फूलमती येईपर्यंत

आमच्या कंपनीचा नियम असा, की गटातल्या पाचही जणींचा हप्ता जमा झाल्याशिवाय बैठक उठायची नाही. एकीने बुडवला तर उरलेल्या चौघींनी भरायचा. हा नियम ज्याने केला त्याला दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मागच्या त्या वस्तीत, पत्र्याखाली, ऐन जूनमध्ये बसवायला हवं होतं.

फूलमतीचा पत्ता नव्हता. माझा जीव वरखाली होत होता. त्या आठवड्यात वसुली पूर्ण झाली तर मी नोकरीत कायम, नाहीतर घरी. आणि या चौघी खुशाल वारा घेत बसलेल्या!

"आ रही है, वृंदा मॅडम," गटाची प्रमुख जयरानी म्हणाली. "चाय पियो."

पुन्हा चहा! तो साखरेचा पाक माझ्या घशाखाली उतरेना. मी उठले, बसले, पुन्हा उठले. कर्जाच्या कागदावर फूलमतीच्या नवऱ्याचीही सही होती. मी त्याला फोन लावायला घेतला.

जयरानीने माझं मनगट घट्ट धरलं. "थोडा रुको."

"क्यों रुकूँ?" माझं डोकंच फिरलं. "मेरी नौकरी जाएगी, यार!"

तिने कनवटीला खोचलेले पैसे काढून माझ्या पुढ्यात ठेवले. फूलमतीचा हप्ता, चौघींनी मिळून जमवलेला. सकाळपासून तिच्यापाशीच होता.

"उसने फिर मारा. इस बार बच्ची को भी," जयरानी म्हणाली. "दोनों पानिपत जा रही हैं, बहन के पास. बस छूटने दो, फिर लगाना फोन."

म्हणजे मी त्यांना अडकवून ठेवलं नव्हतं. त्यांनीच मला बसवून ठेवलं होतं! संताप आला, आणि लाजही वाटली.

"आगे की किश्तें?"

"हम भरेंगे."

तेवढ्यात दारात फूलमतीचा नवरा उभा राहिला. "कहाँ है वो?" त्याने बायकांकडे पाहिलंच नाही. माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या कार्डाकडे बघत विचारलं. चौघींच्या माना खाली गेल्या.

"आई थी," मी म्हणाले. "किश्त देकर सरोजिनी नगर गई. बच्ची के कपड़े लेने."

तो तरातरा निघाला. तिथल्या बाजाराच्या गर्दीत सख्खी आईसुद्धा सापडत नाही.

पाचही हप्ते समोर होते, नियमाप्रमाणे बैठक संपली होती. मी खाली बसले.

"जयरानी," मी विचारलं, "चाय बची है?"