धाकट्या दिरांचा फोन

कामांच्या यादीत तो पत्ता दिसला तेव्हा त्याने तो दुसऱ्या कुणाला न देता स्वतःकडेच ठेवून घेतला. गेली सव्वीस वर्षं तो लोकांच्या घरचे फोन जोडत आला होता. आता जुन्या तारा बाद करून इंटरनेटवर चालणारी एक छोटी पेटी बसवायची आणि घरातला जुनाच फोन त्या पेटीला जोडून द्यायचा, हे काम त्याच्याकडे आलं होतं. या घराकडे मात्र तो अकरा वर्षांत फिरकला नव्हता. थोरला भाऊ गेला तेव्हा तो आठवडाभर इथे राहिला, निघताना "पोचलो की फोन करतो, वहिनी" असं म्हणाला, आणि मग आज करू, उद्या करू करता करता इतके दिवस गेले की फोन करायचीच चोरी झाली.

दार वहिनींनीच उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, केस पार पांढरे, पण पाठ अजून ताठ. "या, आत या," म्हणत त्या बाजूला झाल्या. स्वरात राग नव्हता की रुसवा नव्हता. रस्ताभर मनात जुळवत आणलेली माफीची वाक्यं त्याने सुटकेच्या भावनेने गिळून टाकली आणि चपला काढता काढता नुसतं विचारलं, "फोन कुठे आहे, वहिनी?"

"खिडकीपाशी, पूर्वीचाच. तुम्ही बघा, मी चहा टाकते."

खिडकीखालच्या तिवईवर गोल तबकडीचा काळा फोन होता आणि त्याच्यावर विणलेला रुमाल. त्याने आधी भिंतीतल्या जुन्या तारेला मीटर लावला. काटा हलला नाही. बाहेर जाऊन बघतो तर भिंतीवरच्या डबीपासून वीतभर अंतरावर तार तुटलेली, आणि तिची टोकं हिरवट पडून पार किडलेली. चार-पाच वर्षं तरी या तारेतून काही गेलं नसणार.

"लाईन बरीच वर्षं बंद होती वाटतं," चहाचा कप हातात घेत तो म्हणाला.

"छे, कालच तर फोन आला होता." वहिनी समोरच्या खुर्चीत बसल्या. "माझे धाकटे दीर रोज चारला फोन करतात. तुमच्या कंपनीत नावसुद्धा त्यांनीच नोंदवलंय. चारच्या आत होईल ना तुमचं?"

त्याने कप खाली ठेवला. ते भाऊ दोघेच. तिसरा नव्हता.

वय झालंय, एकटेपणा आहे, माणसाचं मन काहीतरी आधार शोधतंच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, आणि मग हलकेच म्हणाला, "वहिनी, मला ओळखलं नाहीत? अहो, मीच तुमचा धाकटा दीर."

त्या अगदी प्रसन्न हसल्या. "तसंच समजते हो मी. कामाला येणारे सगळे मला घरच्यासारखेच."

वहिनी म्हणून तर कुणीही हाक मारतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं. ते दाखवावं असं वाटलं आणि का कोण जाणे, नको वाटलं. त्याने लॅपटॉप उघडला, पेटी जोडली, फोनची वायर तिच्यात खोचली आणि नेहमीच्या कामाला लागला. रिसीव्हर उचलून तो "एक, दोन, तीन" म्हणाला, तर त्याचाच आवाज क्षणभराने परत कानात आला. जुन्या फोनचं आणि नव्या पेटीचं जुळत नसलं की असं होतं. त्याने लॅपटॉपवर पेटीच्या विद्युतरोधाचा आकडा बदलला, आवाजाची पातळी दोन घरं खाली आणली, तेव्हा कुठे तो मागून येणारा आवाज थांबला. रिंगही दमल्यासारखी वाजत होती. तिची वारंवारता वीसवरून पंचवीसवर नेली, तशी ती खणखणीत झाली.

काम करता करता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय बोलतात तुमचे दीर?"

"काय बोलणार, घरचंच. गुडघा कसा आहे, जेवलात का. ह्यांच्या आठवणी काढतात." त्यांनी त्याचा कप उचलून बाजूला ठेवला. "परवा मात्र रडले. लहानपणी वडिलांचं घड्याळ फुटलं होतं म्हणे आणि मार ह्यांनी खाल्ला होता. ते मीच फोडलं होतं वहिनी, म्हणाले. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं."

त्यानेही ते कुणाला सांगितलं नव्हतं. भावालाही नाही, बायकोलाही नाही.

हातांचं काम मात्र चालूच राहिलं. सव्वीस वर्षांची सवय होती ती. वायरीचं टोक सैल लागत होतं म्हणून त्याने ते पेटीतून उपसलं, कापून नवं बसवायला घेतलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

फोन वाजला. खणखणीत, त्याने मघाशी लावून दिला होता तसाच. वायरीचं कापलेलं टोक त्याच्या हातात होतं.

वहिनींनी उठून रिसीव्हर उचलला. "हो, बोला भाऊजी. नाही, गुडघा बरा आहे आज. हो, आलेत ना, ते पेटीवाले. इथेच बसलेत."

रिसीव्हरमधून एक पुसट आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायची ती तऱ्हा त्याला कळली. ती त्याची स्वतःचीच होती, त्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि मुलं तिची नक्कल करत.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "तो फोन जरा माझ्याकडे द्या."

त्यांनी हाताने थांबायची खूण केली. पलीकडचं ऐकून घेतलं, मग रिसीव्हर छातीशी धरून त्याच्याकडे वळल्या.

"भाऊजी तुमचं नाव विचारतायत."

त्याने सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. त्यांनी ते जसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं, क्षणभर ऐकलं, आणि एखाद्याची साधी चूक सांभाळून घ्यावी तशा मायेने त्याच्याकडे पाहिलं.

"ते तर त्यांचं झालं," त्या म्हणाल्या. "तुमचं विचारतायत."