शिक्क्यातला 'ले'

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मित्रांनो, शिक्क्याने पत्रांविषयी बोलू नये, हे मला कळते. पण एका पत्राला अकरा महिने उत्तर गेले नव्हते आणि त्या पत्रावर मी उमटलो होतो. म्हणून माझी गोष्ट तिथूनच सांगावी लागते.

माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला होता : 'तपासले'. लाकडी मूठ, जांभळी शाई आणि हातमोजे विकणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागातले टेबल, एवढे माझे जग. माझे धनी तिथले म्हातारे कारकून. त्यांच्या खणात एक वेळ डबा नसे, पण पुस्तक हमखास असे. म्हणून सगळे त्यांना पुस्तककाका म्हणत. हातमोजे शिवून देणारे कारखाने दरवर्षी एक तक्ता भरून पाठवत. कुणाला बळजबरीने राबवता का? नाही. कामगारांची ओळखपत्रे त्यांच्याच जवळ आहेत का? होय. काका वाचत आणि ठप्प! मी उमटे. "काकांचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. वीस वर्षांत मी त्या टेबलाबाहेरचे काही पाहिले नव्हते. मग मी तपासले तरी काय? हा प्रश्न तेव्हा मला शिवलाही नाही.

एके दिवशी नमुन्याला आलेल्या हातमोज्याच्या अंगठ्यात काकांना एक घडी केलेला कागद सापडला.

'दादा, आम्ही लांबून शिवणकामाला आलो. आमची ओळखपत्रं मालकाच्या कपाटात आहेत. फाटकाला बाहेरून कुलूप असतं. आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आलाय, पण मला जाऊ देत नाहीत. मी तिसऱ्या रांगेत शेवटच्या मशीनवर बसते. इथे पत्रं फोडतात. उत्तर खालच्या पत्त्यावर आईकडे पाठवा.'

काकांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि वीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात उठला. ठप्प! 'तपासले'.

त्या ओल्या जांभळ्या शब्दाकडे पाहून त्यांना घाम फुटला. "मी साधा कारकून. मी कोण विचारणार?" असे पुटपुटून त्यांनी पत्र पुस्तकात खूण म्हणून घातले. ते पुस्तक त्या पानापुढे कधी सरकले नाही.

अकरा महिन्यांनी त्याच कारखान्याचा नवा तक्ता आला. सगळे 'होय' आणि 'नाही' जागच्या जागी. काकांनी मला उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. मग मला खिशात घालून आणि ते पुस्तक काखेत मारून ते खरेदी विभागाच्या प्रमुख मॅडमकडे गेले.

"मॅडम, यावर मी शिक्का मारणार नाही."

"अहो काका, शिक्काच तर आहे. तोफगोळा थोडाच आहे?"

"लागलाय कुणाला तरी." त्यांनी पत्र पुढे केले.

मॅडमनी ते वाचले. "याच्यावरही 'तपासले'?"

"हो. हात माझाच."

मॅडमनी पत्र पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाल्या, "गाडी काढायला सांगते. कारखान्यात कुणाला कळवायचं नाही."

खिशातून बाहेरचे जग मी पहिल्यांदा पाहिले. फाटकाला खरेच बाहेरून कुलूप होते. मालक हसत आले. "कागद हरवू नयेत म्हणून मीच जपून ठेवतो हो! लेकरांसारखी आहेत माझी सगळी."

"मग लेकरांना किल्ली द्या," काका म्हणाले. या वेळी ते पुटपुटले नाहीत.

"किल्ली घरी राहिली."

काकांनी स्टूल ओढले आणि पुस्तक उघडले. "आणा. मी वाचत बसतो. पुस्तक जाड आहे."

किल्ली अर्ध्या तासात आली. कपाट उघडले आणि प्रत्येकीचे ओळखपत्र प्रत्येकीच्या हातात पडले. मॅडमनी मालकांना बाहेर बसवले.

"माल घेणं बंद करू नका हो," एक बाई म्हणाली. "आमचं काम जाईल."

"काम राहील. कुलूप जाईल," मॅडम म्हणाल्या. "दर महिन्याला आम्ही येऊ, न सांगता. तेव्हाही तुमच्याशीच बोलू."

काकांच्या पुस्तकातून डोकावणारे आपले पत्र ओळखून तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या मशीनवरची बाई त्यांच्यासमोर उभी राहिली. "उत्तर का नाही दिलंत, दादा?"

"घाबरलो, ताई."

"आई अजून आहे. मी उद्याच निघते. पण उत्तर लिहूनच पाठवा. कुणी वाचलंच नाही, असं वाटायचं आम्हाला."

परतल्यावर काकांनी ब्लेड घेतले आणि माझ्या अंगावरचा शेवटचा 'ले' कापून टाकला. दुखले, खोटे कशाला सांगू?

"काका, शिक्का मोडलात?" मॅडमनी विचारले.

"मोडला नाही. दुरुस्त केला."

आता मी 'तपास' असा उमटतो. कारखान्याचा तक्ता आला की मी त्यावर आधी बसतो, आणि मग काका बूट घालतात.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. जपून ठेवलेल्या वस्तूंचे कपाट मी पाहिले आहे. 'पाहिले', 'तपासले' असे लिहिण्याआधी खरेच जाऊन पाहून या, एवढेच मागणे.

माझा 'ले' कापला त्याच दुपारी काकांनी पत्र लिहिले. चार कागद फाडून पाचव्यावर एवढेच उतरले : 'ताई, तुमचं पत्र मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. उशीर माझा. आईंना नमस्कार.' मला खिशात घेऊन ते टपालपेटीपर्यंत चालत गेले. पाकीट आत सोडले आणि तळाशी आवाज आला : ठप्प!