बिब्याचा डाग

मायक्रोस्कोपमधून पाहिली तर ती फिल्म म्हणजे आभाळच. राजनंदिनी मॅडम तिला गरम क्षारात बुडवून काढतात, मग तिच्यावर बारीक बारीक खळगे उमटतात. एकेक खळगा म्हणजे एकेक कण येऊन आदळल्याची खूण. मी डोळा लावला की विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेची फरशी पायाखालून सुटायची आणि मी चांदण्यात तरंगायचे. मॅडम म्हणायच्या, तरंग, पण मोजत तरंग.

खरी गंमत ही की दगड श्वास सोडतात. आपल्या काळ्या कातळात, मातीत चिमूटभर युरेनियम असतंच. ते झिजत झिजत रेडॉन नावाचा वायू होतो. रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून हळूच वर येतो. उघड्यावर वाऱ्याबरोबर विरून जातो, बंद खोलीत मात्र साठतो, आणि वर्षानुवर्षं तोच ओढत राहिलं तर फुप्फुसांना धोका. मॅडम संभाजीनगरातल्या जुन्या घरांमधला रेडॉन अशा फिल्मवर मोजतात: जितके खळगे जास्त, तितका रेडॉन जास्त. शाळेच्या प्रकल्पासाठी मी त्यांची मदतनीस.

बेगमपुऱ्यातलं मामाचं घर मीच सुचवलं. मामेबहीण सुलेखाताई बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या खोलीत छताला मी स्वतः प्लास्टिकचा कप टांगला, आत फिल्म लावून. आठवड्याभरातच बाळ झालं आणि आवडामामीनं खिडकीत गोधडी कोंबली, बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून. आत ओव्याची धुरी, अंधार, आणि त्या उबेत मुठी वळून झोपलेलं बाळ. मला वाटायचं, जमिनीखालच्या सगळ्या दगडांचा श्वास हेच एवढंसं नाक ओढून घेतंय. मी खिडकी उघडायचा विषय काढला की मामी हसायची. तुझा डबा सांगंल तवा उघडू, म्हणायची.

तीन महिने भरल्यावर मी कप काढून आणला. फिल्म धुतली, तर आभाळ जवळजवळ रिकामं. उघड्या अंगणात निघावा तेवढाच आकडा. बंद खोलीत इतका कमी कसा, म्हणून मॅडमच्या कपाळावर आठी, पण मी तोवर मामीला फोन करून खोली चांगली आहे म्हणून सांगूनही टाकलं. मामी म्हणाली, मग राहू दे गोधडी.

त्यानंतर मी रिकामा कप विसळत होते. बुडाला काळा डाग. घासला, जाईना. असा डाग मी एकाच ठिकाणी पाहिलाय. मामी दर शनिवारी दाराबाहेर लिंबू-मिरची आणि बिबा ओवून टांगते, त्या चौकटीवर, बिब्याचं तेल लागून पडलेला.

सायकल काढली ती थेट बेगमपुरा. मामी डिंकाचे लाडू वळत होती. तिनं काहीच लपवलं नाही. बाळ घरी आलं त्याच दिवशी तिनं कप दाराबाहेर नेऊन टांगला होता, आणि मी येणार असले की तेवढ्यापुरता परत आत आणून टांगायची, मला वाईट वाटू नये म्हणून.

"वाईट धरून ठेवणारी वस्तू लेकराच्या उशाला ठेवतेत व्हय?" ती म्हणाली. "लिंबू तरी आपण दाराबाहेरच बांधतो ना?"

मला हसू आलं. घाबरवायचं ठरवलं असतं तर मी तिला चांगलं घाबरवलं असतं. पण मॅडमची शिकवण पक्की होती: आपल्या कातळात हे तसं कमीच असतं, आकड्यापेक्षा एक अक्षर जास्त बोलायचं नाही. आणि माझ्याकडे आता आकडाच नव्हता.

"मामी, खोली चांगली का वाईट, मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी मोजलं ते दाराबाहेरचं. आणि हा कप काही धरून ठेवत नाही गं, नुसता मोजतो. बाहेर घालवते ती खिडकी."

मामी लाडू वळतच राहिली. बाजेवरून सुलेखाताईचा आवाज आला, "आई, लई घुसमटतं इथं."

"आन् लेकराला वारं लागलं मंग?"

बाळाला तेवढा वेळ पुढच्या खोलीत घेऊन बसू, मी सुचवलं. मामीनं हात पुसले, बाळ ताईच्या मांडीवर पुढच्या खोलीत दिलं आणि गोधडी ओढून काढली.

ऊन धपकन आत पडलं. धुळीचे कण सोनेरी होऊन फिरायला लागले आणि मला दिसलं, अगदी दिसलंच, की दगडांचा श्वास गजांतून निघाला, बेगमपुऱ्याच्या गच्च्यांवरून तरंगत लेण्यांच्या डोंगराकडे चाललाय. मी नवा कप टांगला. मामीनं दारावरचं लिंबू सोडून आणलं आणि खिडकीच्या गजाला बांधलं, गेलेलं परत यायला नको म्हणून. कपाला आता हात लावायचा नाय ना, तिनं विचारलं. अजिबात नाही, मी म्हणाले.

तेवढ्यात पुढच्या खोलीत बाळ शिंकलं.

मामीनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी श्वास रोखून उभी राहिले. मग तिनं गोधडी उचलली, झटकली, आणि घडी घालून पेटीवर ठेवली.