प्रेरणाचं प्रस्थान

बोट खाडीत थांबून पाचवा दिवस उजाडला, तरी ती का थांबली हे द्वारकाबाईंना उमगत नव्हतं. नातीनं फोनवर व्हिडिओ पाठवला होता. त्यात लख्ख ऊन, निळं पाणी, मागं नारळाची झाडं. दोरीवर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता.

प्रेरणा समजावून सांगायची. खाडीत आडोसा आहे, बाहेर समुद्रात दक्षिणेचा वारा सुटलाय, आणि बोटीला दक्षिणेलाच जायचंय. शिडाच्या बोटीला नाकासमोरचा वारा चालत नाही. लाटा दोन माणसं एकावर एक उभी राहावीत एवढ्या उंच आहेत. द्वारकाबाई हं-हं करायच्या आणि फोन ठेवला की अंगणात येऊन आपल्याकडच्या आभाळाकडं बघत राहायच्या. इथंही ऊनच होतं. त्यांचा सगळा जन्म दुष्काळी मुलखात, ढग आले की हवा चांगली म्हणण्यात गेला होता. ऊन पडलेलं असताना चांगल्या हवेची वाट बघायची, हे कसलं?

प्रेरणा आणि तिचे तीन सोबती मुंबईहून कोचीला निघाले होते. दोघांनी बोट हाकायची, दोघांनी झोपायचं, अशा पाळ्या होत्या. एकजण उतरला तर बाकीच्यांनाही मागं फिरावं लागणार होतं. कारभारीनं, म्हणजे तिच्या बापानं, आधी साफ नकार दिला होता. द्वारकाबाईंनी तीन दिवस लेकाशी अबोला धरला, तेव्हा कुठं तो कबूल झाला. आता त्यानं ठरवलं होतं की शनिवारी सकाळी गाडी काढायची, कोकणात उतरायचं आणि पोरीला घेऊन यायचं. फक्त निरोप आईनं द्यायचा, कारण पाठवलं आईनं होतं आणि पोरगी ऐकायची ती आजीचंच. प्रेरणाही म्हणाली होती, "आजी, तू ये म्हणालीस तर येते."

तो शुक्रवार होता. द्वारकाबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि काय सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात शेजारची जहांआरा आली. तीस वर्षांचा शेजार, तरी आज दारातच घुटमळली.

"द्वारकाआपा, रागावू नका. प्रेरणाची ती गठडी अजून आमच्याच कपाटावर हाय. न्यायला कुणी आलंच नाय."

द्वारकाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

प्रेरणा निघायच्या दिवशी अमावास्या होती. बोटीची तारीख बदलणार नव्हती, म्हणून द्वारकाबाईंनी आदल्या दिवशी तिचं प्रस्थान ठेवलं होतं. पूर्वी घरोघर ठेवायचे. निघायचा दिवस चांगला नसला की प्रवाशाचं एक लहानसं गाठोडं आधीच, चांगल्या दिवशी, जायच्या दिशेला राहणाऱ्या शेजाऱ्याकडं ठेवून यायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. मग निघताना माणसानं ते उचलायचं आणि पुढं चालायचं. समुद्र पश्चिमेला आणि जहांआराचं घरही पश्चिमेला. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रेरणाची जुनी ओढणी, एवढंच त्या गाठोड्यात होतं. निघायच्या सकाळी जहांआरा लेकीकडं गेलेली, दाराला कुलूप. रिक्षा उभी, सगळ्यांची घाई. गाठोडं राहिलं हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"तुमच्या देवाधर्माची चीज," जहांआरा म्हणाली, "म्हणून नऊ दिवस घरात गोश्त शिजवलं नाय. कय्युम रोज विचारतो, पोरगी निघाली का नाय अजून."

एरवी द्वारकाबाई पोट धरून हसल्या असत्या. आज त्यांना धड हसूही येईना आणि धड रडूही. समुद्रावरच्या वाऱ्याला कपाटावरच्या गाठोड्याची काय खबर, एवढं त्यांना कळत होतं. त्या रोज बातम्या ऐकत होत्या. पण मन मानेना.

जहांआरानं विचारलं, आणून देऊ का? तेव्हा मात्र त्या घाईघाईनं नको म्हणाल्या.

गाठोडं घरी आणलं म्हणजे प्रवास मोडला. हे त्यांना सोळाव्या वर्षी कळलं होतं. करमाडजवळच्या सासरी, धाकट्या भावाच्या लग्नाला जायचं म्हणून त्यांचंही प्रस्थान शेजारी ठेवलं होतं. पण खळ्यावर ज्वारीची रास पडलेली आणि उफणायला वारा नाही. सासरे तिवईवर उभे राहून सूप हलवायचे. दाणे आणि भुसा मिळून सरळ पायाशी पडायचे. रास उरकल्याशिवाय सून पाठवायची कशी? असे चार दिवस गेले. चौथ्या दिवशी सासूनं काही न बोलता गाठोडं घरी आणून खुंटीला टांगलं. वारा पाचव्या दिवशी सुटला. तोवर तिकडं अक्षता पडून गेल्या होत्या.

संध्याकाळी कारभारी कंपनीतून आला आणि त्यानं विचारलं, निरोप दिला का. द्वारकाबाई म्हणाल्या, उद्या मला सुरेखाकडं ने. सुरेखा म्हणजे त्याची बहीण, लासूर स्टेशनला दिलेली.

"आई, मला उद्या कोकणात जायचंय."

"सुरेखाचं घर पश्चिमेलाच आहे. गाठोडं तिच्याकडं ठेवू. घरी आणायचं नाही, आणि इथं पडून राहिलं तरी चालायचं नाही."

"आणि प्रेरणाला काय सांगायचं?"

"ते मला कळत नाही रे. गाठोड्याचं तेवढं कळतं."

कारभारी कपाळाला हात लावून बसला. पण सकाळी त्यानं गाडी काढली. जहांआरानं गाठोड्यावर आपल्या हातानं हिरव्या दोऱ्याची एक गाठ मारून दिली होती. तिचे यजमान कय्युमभाई फाटकापर्यंत निरोप द्यायला आले आणि तसेच पिशवी घेऊन बाजाराकडं वळले.

सुरेखानं गाठोडं फ्रीजवर ठेवलं आणि भावाकडं बघितलं. त्यानं खांदे उडवले. द्वारकाबाई मागच्या अंगणात गेल्या. तिथं म्हशीच्या दावणीजवळ भुसा होता. त्यांनी मूठभर उचलून हात उंच केला आणि हळूहळू सोडला. भुसा सरळ पायाशी पडला. वारा पडला, हे चांगलं का वाईट? त्यांनी कारभारीला फोन लावायला सांगितलं.

"वारा पडला तर तुझं काम होतं का गं?"

"नुसता पडून भागत नाही आजी," प्रेरणा म्हणाली. "पडला पाहिजे आणि मग उत्तरेचा सुटला पाहिजे. इथले मच्छीमार काका म्हणतात, अजून दोन-तीन दिवस. पण नक्की कुणालाच माहीत नाही."

कुणालाच माहीत नाही, हे ऐकून द्वारकाबाईंना जरा बरं वाटलं. मग त्यांनी ते विचारलं, जे खळ्यावर त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"तुला यायचंय का?"



"नाही."

"मग थांब. तुझं गाठोडं लासूरपर्यंत आलंय."

प्रेरणाला गाठोड्याचं काही कळलं नसावं, पण ती बरं म्हणाली. कारभारी दावणीजवळ उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं वाकून मूठभर भुसा घेतला, उंच धरला, सोडला, आणि तो कुठं पडतोय ते बघत राहिला. मग हात झटकून घराकडं तोंड केलं.

"सुरेखा," त्यानं हाक मारली, "इथून पुढं वैजापूरला आपलं कोण आहे गं?"